चोर सोडून संन्याशाला फाशी

घराला रंग काढला की माळ्यावरचं सगळं खाली येतं आणि मग कामं बाजूला राहून माणूस जुन्या वस्तू चाळत बसतो. माझंही तेच झालं. एका खोक्यात शंभरेक सीडी निघाल्या. नाट्यसंगीत, भावगीतं, थोडी गझल, थोडं इंग्रजी. त्यातली एक हातात आली आणि मी तासभर तिथेच धुसफुसत बसलो. बायको म्हणाली, "वीस वर्षं झाली त्याला. आता तरी सोड."

नाही सोडत. म्हणून हे लिहितोय. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांनी ही गोष्ट ऐकलेली आहे त्यांनी पहिले पाच-सात परिच्छेद गाळून पुढे जावं. :)

तर, २००५ ची दिवाळी. आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळच्या अलीकडे राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. डोंबिवलीहून ताई आणि भाचा आले होते. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर मिरवायचं सोडून मामाकडे आला, कारण मामाकडे कॉम्प्युटर होता आणि सेकंडहँड का होईना, सीडी प्लेअर लावलेली गाडी होती.

त्याच्या आदल्या मे महिन्यात मी त्याला एक भाषण दिलं होतं. ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर चाळीस रुपयांत दीडशे गाण्यांची सीडी मिळायची, ती त्याला हवी होती. मी म्हटलं, ही चोरी आहे. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला यातला एक पैसा मिळत नाही. आवडतं ना, मग पैसे साठव आणि खरी विकत घे. पोरानं ऐकलं. खरंच ऐकलं. सहा महिने साठवले, दिवाळीत आजीनं आणि मी दिलेले त्यात घातले आणि आम्ही दोघं जाऊन एक इंग्रजी अल्बम घेऊन आलो. चारशेच्या आसपास किंमत. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही.

गाडीत बसल्या बसल्या त्यानं सील फोडलं आणि सीडी आत सरकवली. प्लेअर थोडा वेळ घरघरला, स्क्रीनवर एरर आली आणि सीडी बाहेर. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. मानपाड्यापासून घरापर्यंत गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या मागे आम्ही अडकलो होतो, त्यामुळे प्रयोग करायला वेळ भरपूर होता. पाच-सहा वेळा तरी ते झालं.

घरी कॉम्प्युटरमध्ये घातली. तिथे आपोआप कसलातरी स्वतःचाच प्लेअर उघडला आणि त्यातून दबक्या आवाजात गाणी वाजली. भाच्याला ती गाडीसाठी आणि त्याच्या नव्या एमपीथ्री प्लेअरसाठी हवी होती. तिथे नेता येईनात. मग कव्हर उलटसुलट करून पाहिलं तर मागच्या बाजूला, चष्मा लावूनही कष्टानं दिसावं अशा अक्षरांत, लिहिलेलं होतं की ही सीडी काही उपकरणांवर, उदाहरणार्थ गाडीतल्या प्लेअरवर, वाजणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होता, पण म्हणाला, "साहेब, सील फोडलंय. आता परत घेता येत नाही." मी म्हटलं, सील फोडल्याशिवाय वाजते की नाही हे कळणार कसं? तो म्हणाला, "ते कंपनीला विचारा."

परत येताना भाच्यानं विचारलं, "मामा, म्हणजे आपण विकत घेतली म्हणून ती वाजत नाही का?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. कारण पोराचं म्हणणं शब्दशः खरं होतं. स्टेशनवरची चाळीस रुपयांची सीडी गाडीत वाजत होती, कॉम्प्युटरवर वाजत होती, शेजारच्या काकांच्या डीव्हीडी प्लेअरवरही वाजत होती. चारशेची वाजत नव्हती. डोंबिवलीला जाताना त्यानं स्टेशनवर ती चाळीसवाली घेतली. माझ्यासमोर, स्वतःच्या पैशांनी. मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

माझा खरा राग चारशे रुपयांचा नाही. माझ्या घरात एका मुलाला प्रामाणिकपणा शिकवायचा मी प्रयत्न केला आणि एका कंपनीनं दोन दिवसांत तो धडा पुसून त्या जागी दुसरा लिहिला, त्याचा आहे.

आता हे असं का होत होतं ते थोडक्यात. सीडी १९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून बाजारात आणली, तेव्हा तिचे नियम ठरलेले होते. त्या नियमांना धरून छापलेली कुठलीही सीडी कुठल्याही प्लेअरवर वाजणार, हे वचन होतं. त्यात कुलूप नव्हतं, कारण घरोघरी कॉम्प्युटर येतील आणि त्यावर सीडी राईट करता येतील हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. वीसेक वर्षांनी कुलूप बसवायचं ठरलं, तर जागाच नव्हती. मग उपाय काय केला? सीडीच मुद्दाम थोडी बिघडवली. साधा ऑडिओ प्लेअर फक्त पहिला भाग वाचतो, कॉम्प्युटर मात्र पुढचे भागही बघतो. म्हणून पुढच्या भागात चुकीची अनुक्रमणिका घालायची, जेणेकरून कॉम्प्युटर गोंधळेल. पण गाडीतल्या आणि डीव्हीडीच्या कित्येक प्लेअरांमध्ये कॉम्प्युटरच्याच जातीचे ड्राइव्ह असतात. तेही गोंधळले. म्हणजे गिऱ्हाइकाला सदोष माल विकायचा आणि त्या दोषाला संरक्षण म्हणायचं.

हे मी रागानं म्हणत नाही. खुद्द फिलिप्सनं २००२ साली जाहीरपणे सांगितलं होतं की असल्या तबकड्या नियमांत बसत नाहीत आणि त्यांवर सीडीचा अधिकृत शिक्का लावू नये. ज्यांनी मूल जन्माला घातलं त्यांनीच सांगितलं की हे आमचं नव्हे!

आणि कुलूप तरी कसलं? २००२ सालीच युरोपातल्या लोकांनी शोधून काढलं की सीडीच्या कडेला साध्या मार्कर पेननं एक रेघ ओढली की चुकीचा भाग झाकला जातो आणि कुलूप उघडतं. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्यानं दाखवून दिलं की दुसऱ्या एका पद्धतीचं कुलूप सीडी घालताना की-बोर्डवरचं शिफ्टचं बटण दाबून धरलं की लागतच नाही. कंपनीनं त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावायची धमकी दिली आणि जगभर हसं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मागे घेतली.

म्हणजे बघा. चोराला मार्कर माहीत, शिफ्ट माहीत. फुटपाथवाल्याला तर एकदाच एक कॉपी काढायची होती, मग त्यावरून हजार. कुलपाशी खरोखर कोण झगडत बसलं? दुकानातून पावती घेऊन आलेला तेरा वर्षांचा मुलगा. आपल्याकडे याला फार जुनी म्हण आहे, वर शीर्षकात दिलीच आहे.

योगायोग असा की त्याच दिवाळीत, ३१ ऑक्टोबर २००५ ला, अमेरिकेत यातलं सगळ्यात मोठं लफडं उघडकीला आलं. मार्क रसिनोविच नावाच्या विंडोजच्या जाणकाराला आपल्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी लपून बसलेलं सापडलं. शोध घेतला तर ते सोनी बीएमजीच्या एका विकत घेतलेल्या सीडीतून आलं होतं. सीडी घातली की एक्ससीपी नावाचा प्रोग्रॅम स्वतःला कॉम्प्युटरमध्ये खोलवर बसवून घ्यायचा आणि विंडोजपासूनही लपायचा. इतका छान लपायचा की त्याच्या आडोशाला व्हायरसवालेही येऊन लपू लागले. ५२ अल्बम, छापलेल्या सुमारे ४७ लाख सीडी, विकलेल्या सुमारे २१ लाख. कंपनीचा एक बडा अधिकारी अमेरिकन रेडिओवर म्हणाला की बहुतेकांना हा प्रकार काय असतो हेच ठाऊक नाही, मग त्यांनी त्याची चिंता का करावी!

ही भाषा ओळखीची वाटते ना? कळत नाही तर गप्प बसा. माझ्या दुकानदाराचं "ते कंपनीला विचारा" हे त्याचंच सौम्य भाषांतर.

पण लोक गप्प बसले नाहीत. खटले झाले, टेक्सास राज्य स्वतः कोर्टात गेलं, सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या. अमेरिकेच्या सुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्यानं कंपन्यांना सुनावलं की गाणं तुमचं असेल, कॉम्प्युटर तुमचा नाही. स्विचफूट नावाच्या बँडच्या बेस गिटारवाल्यानं तर त्याआधीच आपल्याच अल्बमचं कुलूप कसं उघडायचं ते चाहत्यांना लिहून दिलं होतं! आणि कळस म्हणजे कॉपीराइटच्या या पहारेकऱ्याच्या आतच इतरांनी लिहिलेल्या मुक्त प्रोग्रॅमचे तुकडे, त्यांच्या अटी न पाळता वापरलेले, सापडले. २००७ उजाडेपर्यंत बड्या कंपन्यांनी सीडीवरची कुलपं जवळजवळ गुंडाळली.

आता कुणी म्हणेल, "तुझं ठीक आहे, पण चोरी होत होती ना? कलाकारानं खायचं काय?" प्रश्न रास्त आहे आणि मी काही साधू नव्हे. कॉलेजात असताना मीही मेलट्रॅकच्या कोऱ्या कॅसेट घेऊन दुकानात गाणी भरून घेतलेली आहेत. यादी लिहून द्यायची, चार दिवसांनी कॅसेट तयार. त्यात कुणाचा हक्क बुडतो हा विचार तेव्हा कुणीच करत नव्हतं. चोरीनं नुकसान होतं, आणि मुंबईच्या बड्या कंपनीपेक्षा जास्त ते चार मराठी अल्बम काढणाऱ्या छोट्या माणसाचं होतं. हे मला मान्य आहे. माझा वाद उपायाशी आहे. घरात उंदीर झाले म्हणून पाहुण्यांच्या ताटात विष कालवत नाहीत.

आणि उपाय नव्हता असंही नाही. तो आपल्याच देशात एकानं करून दाखवला. मोझर बेअर ही कोऱ्या सीडी बनवणारी कंपनी. म्हणजे ज्या कोऱ्या तबकड्यांवर अख्खा फुटपाथ चालायचा, त्याच धंद्यातली! ती २००६-०७ च्या सुमारास सिनेमांच्या व्हीसीडी-डीव्हीडीत उतरली आणि किंमत ठेवली व्हीसीडीला २८ रुपये, डीव्हीडीला ३४. मराठी सिनेमेसुद्धा त्यात मिळाले. किराणा दुकानात, स्टेशनरीवाल्याकडे टांगलेले असायचे. मी स्वतः वाघबीळच्या वाण्याकडून साबणाबरोबर घेतलेले आहेत. तीस-चाळीस रुपयांत स्वच्छ प्रिंट आणि पावती मिळत असेल तर खोकणाऱ्या माणसाच्या डोक्यासकट थिएटरात चोरून काढलेली कॉपी कोण घेणार? ती कंपनी पुढे बुडाली, त्याची कारणं अनेक आहेत. पण लोकांना फुकटच हवं असतं, हा आरोप तिनं खोटा ठरवला. लोकांना परवडणारं आणि चालणारं हवं असतं.

कायद्याचंही जरा बघू, कारण "हे बेकायदेशीर आहे" अशी दटावणी नेहमी ऐकू येते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात खाजगी वापराची जी सवलत होती ती साहित्य, नाटक, संगीतरचना, चित्र-शिल्प यांच्यापुरती होती. ध्वनिमुद्रणाचा तिथे उल्लेखच नव्हता. म्हणजे २००५ साली मी स्वतःची सीडी स्वतःच्या गाडीसाठी कॉपी केली असती, तर कायद्यात मला उघड आधार नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीनं ती सवलत कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून सगळ्यांना, म्हणजे ध्वनिमुद्रणालाही, लागू झाली. त्याच दुरुस्तीनं कलम ६५अ आणलं, कुलूप फोडण्याबद्दलचं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण आपल्या कायद्यानं एक शहाणपणा केला. हक्कभंग करण्याच्या हेतूनं कुलूप फोडलं तरच गुन्हा, आणि कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी फोडलं तर नाही. अमेरिकेचा १९९८ चा कायदा एवढा उदार नाही. तिथे कुलूप फोडणं हाच मुळात अपराध आणि सवलती मोजक्याच.

म्हणजे चोर आणि संन्याशी यांच्यात फरक करायला आपला कायदा शिकला. कंपन्या शिकल्या का?

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचंय. कारण सीडीवरचं कुलूप आपण हाणून पाडलं आणि त्याच्या दसपट मोठं कुलूप हसत हसत खिशात घालून फिरतोय.

मधली काही वर्षं बरी होती. २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून सांगितलं की ही कुलपं काढा, आणि २००९ मध्ये आयट्यून्सनं गाण्यांवरची कुलपं काढलीही. आपल्याकडे फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. साधी एमपीथ्री, कुलूप नाही, काही रुपयांत एक गाणं. दुकान दीड वर्षाच्या आत, २०१३ मध्ये, बंद पडलं. पण ज्यांनी तिथून गाणी घेऊन उतरवून ठेवली, त्यांची गाणी दुकानाबरोबर मेली नाहीत. याउलट मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या एमएसएन म्युझिकवर विकलेल्या गाण्यांच्या किल्ल्या देणं आता बंद होणार. म्हणजे पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर नेली की मुकी. आरडाओरडा झाला म्हणून मुदत वाढवावी लागली.

आणि आता? आता आपण काही विकतच घेत नाही. महिन्याचं भाडं भरतो. विंक २०२४ मध्ये बंद झालं, त्याच वर्षी जानेवारीअखेर रेसो भारतातून गेलं. लोकांनी दोन दिवस हळहळ केली आणि दुसरं ॲप घेतलं.

माझा भाचा आता तेहतीस वर्षांचा आहे. आई, म्हणजे त्याची आजी, शेवटच्या वर्षी झोपून होती तेव्हा तो दर शनिवारी यायचा. ती एकेक गाणं सांगायची, तो फोनवर शोधायचा आणि तिच्या नावाच्या यादीत घालायचा. दोनशेच्या वर गाणी झाली होती. काही इतकी जुनी की आम्हा कुणाला माहीतही नव्हती. तिच्या वर्षश्राद्धाला तो म्हणाला, लावूया. यादी उघडली तर चाळीस-पन्नास गाणी करडी पडलेली. दाबली तर वाजेनात, आणि काहींची तर नावंही गायब. काय होतं तिथे, हे आता सांगायला आईही नाही. ॲपच्या मदतकेंद्रानं कळवलं की परवान्याची मुदत संपली की गाणी निघून जातात, अटींमध्ये ते लिहिलेलं आहे. असेल. बारीक अक्षरांत.

भाचा चिडलाही नाही. "असंच असतं मामा," म्हणाला. मला ते फार लागलं. तेरा वर्षांचा असताना त्यानं निदान प्रश्न विचारला होता.

हे वाचून "तंत्रज्ञानाच्या विरुद्ध आहेस" असं कुणी म्हणू नये. ॲपवर मीही ऐकतो. सकाळी कासारवडवली ते कापूरबावडी या प्रवासात दुसरं करण्यासारखं असतं काय? भाड्याच्या घरात राहायलाही माझी ना नाही, पण मग त्याला भाड्याचं घर म्हणा. "तुमची लायब्ररी", "तुमचा संग्रह" असले शब्द वापरू नका. आणि जिथे "विकत घ्या" असं बटण आहे तिथे घेतलेली वस्तू माझी असली पाहिजे. ती मी गाडीत लावीन, बायकोच्या फोनवर घालीन, मुलांसाठी ठेवून जाईन. ते चालणार नसेल तर दर्शनी बाजूला, किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. "विकलेला माल परत घेणार नाही" ही पाटी ग्राहक मंचांनी कितीदा तरी अनुचित ठरवली आहे. पण ती लावणारे आहेत, कारण ती वाचून मान खाली घालून परत जाणारे आपण आहोत. मीही त्या दिवशी परतलोच की. ठाण्याच्या ग्राहक मंचात चारशे रुपयांसाठी कोण जाणार, असं म्हणून. आज वाटतं, जायला हवं होतं. पोराला बरोबर घेऊन.

तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. ज्यांच्याकडे आईच्या, आत्याच्या काळातल्या कॅसेट आणि सीडी आहेत त्यांनी त्या भंगारात देऊ नका. माझ्याकडे द्या, मी कॉम्प्युटरवर घेऊन प्रत्येकाला त्याची त्याची परत देईन. आईच्या यादीतली जी नावं भाच्याला आठवताहेत ती आम्ही लिहून काढली आहेत. आतापर्यंत एकोणतीस झाली. त्यातली अकरा या माळ्यावरच्या खोक्यातच निघाली.

आणि हो, ती चारशेची सीडी. रंगारी गेल्यावर जुन्या म्युझिक सिस्टिममध्ये घालून पाहिली. साधा ऑडिओ प्लेअर, त्यामुळे पहिल्या झटक्यात वाजली. वीस वर्षांनी! गाणी बरी आहेत. भाच्याला फोन करून ऐकवली, तर म्हणाला, "मामा, फुटपाथवाली कुठेय?"

ती मात्र सापडली नाही.

असो. फार लांबलं. तुमच्याकडे न वाजणाऱ्या सीडीच्या किंवा गायब झालेल्या गाण्यांच्या अशाच गोष्टी असतील तर जरूर लिहा.